वाचकांचे प्रश्न : लिरोकोनाइट – निळा कुठवर, हिरवा कुठून?

तांब्याच्या आर्सेनेट (म्हणजे आर्सेनिक व ऑक्सिजन यांचा गट असलेल्या) खनिजांविषयी आलेले बरेचसे प्रश्न शेवटी लिरोकोनाइटपाशीच येऊन थांबत होते. म्हणून या वेळी तेच घेतले आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लिरोकोनाइटचे चित्र एका पुस्तकात स्वच्छ आकाशी आहे, दुसऱ्यात चक्क बाटलीसारखे हिरवे. खरा रंग कोणता?

उत्तर : दोन्ही चित्रे खरी असू शकतात. मात्र ती एकाच खनिजाची असतीलच असे नाही.

लिरोकोनाइट हे तांबे आणि ॲल्युमिनिअम यांचे जलयुक्त आर्सेनेट. त्याच्या सूत्रात तांब्याचे २ अणू, ॲल्युमिनिअमचा १, आर्सेनेटचा १ गट, हायड्रॉक्सिलचे ४ गट आणि पाण्याचे ४ रेणू असतात. वजनाच्या हिशेबाने तांबे २९.३ टक्के, आर्सेनिक १७.३ टक्के आणि ॲल्युमिनिअम ६.२ टक्के. हायड्रॉक्सिलमधले धरून सगळे पाणी मोजले, तर ते २५ टक्के भरते. दगडाच्या वजनाचा चौथा हिस्सा पाणी, हे लक्षात ठेवा; पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते कामाला येईल.

निळा-हिरवा रंग तांब्याचा. तांब्याचा आयन प्रकाशातला तांबडा-नारिंगी भाग शोषतो आणि उरलेला निळा-हिरवा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. ॲल्युमिनिअम रंगाच्या बाबतीत अलिप्त असते, लोह तसे अलिप्त नसते. ॲल्युमिनिअमच्या जागी लोह शिरू लागले की रंग हिरव्याकडे झुकतो. फार काळ हा केवळ रंगातला फरक मानला जात होता. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील एका जुन्या, गडद हिरव्या नमुन्याचा नीट अभ्यास झाल्यावर तिथे लोहाचे प्रमाण ॲल्युमिनिअमपेक्षा जास्त असल्याचे दिसले आणि २०२० मध्ये त्याला कर्नोवाइट या स्वतंत्र नावाने मान्यता मिळाली. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला तिथल्या कॉर्निश भाषेत ‘कर्नो’ म्हणतात, त्यावरून हे नाव. रचना तीच, फक्त ॲल्युमिनिअमच्या घरात लोह. त्या जागांपैकी निम्म्याहून जास्त जागा लोहाकडे असतील तर कर्नोवाइट, ॲल्युमिनिअमकडे असतील तर लिरोकोनाइट.

म्हणजे आकाशी चित्राबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. गडद हिरव्याखाली २०२० पूर्वी छापलेले नाव मात्र तपासून घ्यावे लागेल. मधल्या निळसर हिरव्या छटांचा निकाल नुसत्या डोळ्यांनी लागत नाही.

प्रश्न : इतर गुणधर्म थोडक्यात सांगाल का? नावाचा अर्थ काय?

उत्तर : स्फटिक एकनताक्ष (तीन अक्षांपैकी एक कललेला), पण कलता कोन सुमारे ९१ अंश, म्हणजे काटकोनाच्या अगदी जवळ. त्यामुळे स्फटिक चेपलेल्या अष्टफलकासारखे दिसतात: दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे निमुळते, कडा धारदार. बहुतेक स्फटिक काही मिलिमीटरचे, १ सेंमी. ओलांडणारे अपवादानेच. चमक काचेसारखी, किंचित राळेकडे जाणारी. पाटन (ठरावीक पातळीत सपाट फुटणे) अस्पष्ट. कठिनता २ ते २.५, म्हणजे जिप्समच्या थोडी वर आणि कॅल्साइटच्या खाली. विशिष्ट गुरुत्व (वि. गु., म्हणजे पाण्याच्या किती पट जड) २.९ ते ३.०.

हा शेवटचा आकडा बघण्यासारखा आहे. ऑलिव्हेनाइट हेही तांब्याचे आर्सेनेटच, पण त्याचे वि. गु. ४.४ च्या आसपास. फरक पाण्याचा. ऑलिव्हेनाइटमध्ये पाणी ३ टक्क्यांच्या थोडे वर, लिरोकोनाइटमध्ये २५. पाण्याने रचना फुगते, सैल होते; म्हणून ती हलकीही आणि मऊही.

नाव ग्रीक आहे. ‘लेइरोस’ म्हणजे फिकट आणि ‘कोनिया’ म्हणजे भुकटी. स्फटिक कितीही गर्द निळा असला तरी चिनीमातीच्या खरबरीत फरशीवर त्याचा कस (घासल्यावर उमटणारी भुकटीची रेघ) फिकट निळसर, जवळजवळ पांढरा उमटतो. अर्थात हातातल्या एकुलत्या एका स्फटिकाचा कस पाहायला जाऊ नका. तुटलेला कण असेल तरच पाहा.

प्रश्न : तांबे आणि आर्सेनिक एकत्र असलेल्या खाणी जगात कितीतरी आहेत. मग हे खनिज इतके दुर्मीळ का?

उत्तर : कारण तांबे आणि आर्सेनिक असणे ही फक्त सुरुवात आहे. पुढे चार अटी आहेत आणि त्या एकमेकींना नडतात.

खोलवर तांबे आणि आर्सेनिक गंधकाशी जखडलेले असतात: कॅल्कोपायराइट, टेनंटाइट, एनार्जाइट, आर्सेनोपायराइट अशा रूपांत. शिरेचा वरचा भाग हवा आणि पावसाचे झिरपते पाणी यांच्या तावडीत सापडला, की या गंधकयुक्त खनिजांचे, म्हणजे सल्फाइडांचे, ऑक्सिडीभवन होते. तांबे द्रावणात येते, आर्सेनिकचे आर्सेनेट बनते आणि वर गंजलेल्या लोखंडाची सच्छिद्र तपकिरी टोपी उरते. खाणकामात तिला गॉसन म्हणतात. लिरोकोनाइट या पट्ट्यातले दुय्यम खनिज आहे. खोलवरच्या उष्ण द्रावणातून ते थेट बनत नाही.

पहिली अडचण लोहाची. आर्सेनोपायराइटमध्ये आर्सेनिकच्या प्रत्येक अणूमागे लोहाचा एक अणू आधीच बसलेला असतो. ऑक्सिडीभवन झाल्याबरोबर तो आर्सेनेट पकडतो. पाणी बरेच आम्लधर्मी असेल तर स्कोरोडाइट हे लोहाचे आर्सेनेट बनते. सामू (pH) थोडा चढला, म्हणजे आम्लता कमी झाली, तर लोहाचे गंजासारखे हायड्रॉक्साइड बनून आर्सेनेट आपल्या पृष्ठभागावर घट्ट धरून ठेवते. तांब्याच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून टेनंटाइट किंवा एनार्जाइट यांतून आलेले आर्सेनिक तांब्याच्या आर्सेनेटांना जास्त सोयीचे. त्या खनिजांत तांबे सोबतच असते आणि लोह नसते किंवा थोडे असते.

दुसरी अडचण कॅल्शिअम आणि शिसे यांची. आजूबाजूला चुनखडी असली की कॅल्शिअम मध्ये पडते आणि गवतासारख्या हिरव्या कोनिकॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शिअम-तांब्याच्या आर्सेनेटचे, थर बनतात. शिसे असेल तर मिमेटाइट हे शिशाचे आर्सेनेट बनते.

तिसरी गोष्ट सामूची, आणि इथे थोडे आकडे लागतील. तांबे व आर्सेनेट एकत्र येऊन खनिज बनते तेव्हा पाण्यात आम्ल मोकळे होते. ऑलिव्हेनाइटमध्ये तांब्याचे आर्सेनिकशी प्रमाण २ : १, कॉर्नवॉलाइटमध्ये ५ : २, क्लिनोक्लेझमध्ये ३ : १. आर्सेनेट साधारण आम्लधर्मी पाण्यातल्या रूपात आहे असे धरले, तर तांब्याच्या एका अणूमागे मोकळे होणारे आम्ल अनुक्रमे १.५, १.६ आणि १.६७ एकक. म्हणजे क्लिनोक्लेझ बनायला तांबे जास्त हवे आणि सुटणारे आम्ल शोषून घेणारे, कमी आम्लधर्मी पाणीही हवे. ऑलिव्हेनाइट जरा जास्त आम्लातही टिकते. एकाच पोकळीत ऑलिव्हेनाइटवर क्लिनोक्लेझचे गुच्छ बसलेले दिसले, तर पाणी हळूहळू कमी आम्लधर्मी होत गेले, किंवा त्यातले तांब्याचे प्रमाण वाढत गेले, असा अंदाज बांधता येतो.

चौथी अट फक्त लिरोकोनाइट आणि कॅल्कोफिलाइट अशांची: ॲल्युमिनिअम हवे. ते खडकात भरपूर असते, पण पाण्यात येत नाही. सामू साधारण ५ च्या खाली गेल्याशिवाय ते लक्षणीय प्रमाणात विरघळत नाही. आता पेच पाहा. पाणी इतके आम्लधर्मी हवे की फेल्डस्पार (खडकातले ॲल्युमिनिअमयुक्त खनिज) आणि माती यांतले ॲल्युमिनिअम सुटावे. पण इतके नको की तांबे व आर्सेनेट द्रावणातच वाहून जावेत किंवा लोहाने बाजी मारावी. ही फट अरुंद आहे. पोकळीत पाणी थोडे थोडे येत राहिले आणि हळूहळू उदासीन होत गेले, तरच ती काही काळ उघडी राहते. त्यातून तयार झालेले खनिज मऊ आणि पाणीदार. नंतर एखादे आम्लधर्मी पाणी फिरले तर तेही विरघळणार.

प्रश्न : लिरोकोनाइट फक्त कॉर्नवॉलमध्येच मिळते का?

उत्तर : इतरत्रही थोड्या नोंदी आहेत. पण संग्रहालयांत डोळ्यांत भरणारे जे नमुने आहेत ते कॉर्नवॉलचे, आणि त्यांतले उत्तम ते सेंट डे गावाजवळच्या व्हील गॉरलंड खाणीचे. ‘व्हील’ हा कॉर्निश शब्द, अर्थ कामाची जागा किंवा खाण.

तिथे वरच्या अटी एकत्र जुळल्या. डेव्होनियन या प्राचीन भूवैज्ञानिक काळातल्या पाटीच्या दगडांत पर्मियन काळाच्या सुरुवातीच्या सुमारास ग्रॅनाइट घुसला. स्थानिक खाणकामगार त्या पाटीच्या दगडांना ‘किलास’ म्हणत. ग्रॅनाइटच्या उष्ण द्रावणांतून कथिल, तांबे आणि आर्सेनिक यांच्या शिरा बनल्या. ॲल्युमिनिअमला तोटा नाही: ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार, किलासमध्ये माती. कॉर्नवॉलमध्ये काही ठिकाणी तर ग्रॅनाइटचे फेल्डस्पार पार चिनीमातीत बदलले आहे. आणि चुनखडीचा मोठा साठा जवळ नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी व्हील गॉरलंडच्या वरच्या पातळ्यांवर आर्सेनेटांनी भरलेल्या पोकळ्या लागल्या. फ्रान्समधून आलेले खनिजतज्ज्ञ काउंट द बूर्नाँ यांनी १८०१ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये कॉर्नवॉलच्या तांबे व लोह यांच्या आर्सेनेटांचे वर्णन दिले; त्यांचे रासायनिक विश्लेषण रिचर्ड चेनेविक्स यांनी केले. त्या वर्णनात लिरोकोनाइट आकारावरून ओळखले आहे: तांब्याचे अष्टफलकी आर्सेनेट. पोकळ्या उथळ होत्या आणि लवकर संपल्या. ऑक्सिडीभवनाचा पट्टा मुळात वरचाच असतो. खाण खोल गेली की सल्फाइड लागते आणि आर्सेनेट मागे राहतात. आज बाजारात येणारे चांगले नमुने म्हणूनच बहुधा जुन्या संग्रहांतून फिरत आलेले असतात. ‘नुकताच खणून काढलेला मोठा स्फटिक’ असे कोणी म्हणाले, तर आधी मोरचुदाची (तांब्याच्या निळ्या सल्फेटची) शंका घ्या.

क्लिनोक्लेझ आणि ऑलिव्हेनाइट यांचा आढळ याहून बराच मोठा आहे. अमेरिकेतील नेव्हाडातली मजुबा हिल आणि नामिबियातील त्सुमेब या दोन जागा संग्राहकांच्या तोंडी असतात.

प्रश्न : माझ्याकडे तपकिरी दगडावर निळे-हिरवे कण आहेत. घरच्या घरी कसे ओळखू?

उत्तर : लिरोकोनाइट ‘आहे’ हे घरी सिद्ध होत नाही. ‘नाही’ हे मात्र बऱ्याचदा होते, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

आधी दहापटीच्या भिंगाखाली आकार पाहा. केसांसारखे तंतू दिसले तर लिरोकोनाइट नव्हे. अभ्रकासारखे पातळ षट्कोनी पत्रे असतील तर कॅल्कोफिलाइटचा विचार करा. गर्द निळे, जवळजवळ काळपट स्फटिक गुलाबाच्या पाकळ्यांसारखे गोलात बसले असतील तर क्लिनोक्लेझ. त्याला एका दिशेने उत्तम पाटन असते आणि कस निळसर हिरवा. चेपलेला, पाचरीसारखा आकाशी स्फटिक दिसला तरच पुढे जा.

मग सुईच्या टोकाने एक सुटा कण काचपट्टीवर घ्या. त्यावर पाण्याचा थेंब टाकून थांबा. कण विरघळू लागला आणि पाणी निळे झाले तर तो मोरचूद किंवा तसलेच सल्फेट. टिकला तर पाणी टिपून त्यावर ५ ते १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. बुडबुडे आले तर कार्बोनेट: हिरवे असेल तर मॅलॅकाइट, निळे असेल तर ॲझुराइट, फिकट हिरवट निळे असेल तर ऑरिकॅल्साइट. कण पांढरा पडला तर लिनाराइट. त्यात शिसे असते. आर्सेनेट मात्र गाजावाजा न करता विरघळते. त्या द्रावणात अमोनियाचा थेंब टाकला की गर्द निळा रंग येतो, पण त्यातून फक्त तांबे असल्याचे कळते.

या परीक्षेत चूक होते ती बहुधा एकाच ठिकाणी. कणाला मागून कॅल्साइट किंवा मॅलॅकाइटचा चुरा चिकटलेला असतो, तो फसफसतो आणि दोष आर्सेनेटावर जातो. बुडबुडे नेमके कुठून निघतात ते भिंगातून पाहा. आणि आम्ल थेट नमुन्यावर कधीही टाकू नका. लिरोकोनाइट त्यात विरघळते. चमक गेली ती गेलीच.

आर्सेनेट की फॉस्फेट हे ठरवायला सिल्व्हर नायट्रेटची जुनी परीक्षा आहे, पण ती धूरकपाट असलेल्या प्रयोगशाळेतच करावी. कण सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवतात, सिल्व्हर नायट्रेट घालतात आणि वरून सौम्य अमोनिया अलगद सोडतात. दोन थर मिळतात तिथे चॉकलेटी कडे आले तर आर्सेनेट, पिवळे आले तर फॉस्फेट. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले असेल तर क्लोराइडचा पांढरा साका सगळे झाकून टाकतो. अमोनिया एकदम जास्त पडला तर कडे विरघळून जाते.

वि. गु. मोजायचे का, असेही एका वाचकाने विचारले आहे. आकडा निर्णायक आहे, पण त्यासाठी दगडापासून सुटा, पुरेसा मोठा स्फटिक लागतो. तो ज्याच्याकडे आहे त्याने तो सुटा करू नये.

प्रश्न : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली क्ष-किरण विश्लेषण करून घेतले. तांबे, आर्सेनिक, ॲल्युमिनिअम, ऑक्सिजन आणि थोडे लोह आले. लिरोकोनाइट नक्की समजावे?

उत्तर : घाई नको. आधी गुणोत्तरे काढा. या खनिजांत तांब्याचे वजन भागिले आर्सेनिकचे वजन असे येते: कोनिकॅल्साइट ०.८५, ऑलिव्हेनाइट १.७०, लिरोकोनाइटही १.७०, कॉर्नवॉलाइट २.१२, क्लिनोक्लेझ २.५४, कॅल्कोफिलाइट ३.८ च्या आसपास आणि सोबत गंधक. ऑलिव्हेनाइट आणि लिरोकोनाइट यांचा आकडा एकच आहे, म्हणजे सगळा भार ॲल्युमिनिअमवर येतो. लिरोकोनाइटमध्ये ॲल्युमिनिअमचे वजन आर्सेनिकच्या सुमारे ०.३६ पट हवे. ऑलिव्हेनाइटवर चिनीमातीचा पातळ थर असला तरी ॲल्युमिनिअम दिसते. पण तेव्हा सिलिकॉनही दिसते आणि बिंदू बदलला की आकडे उड्या मारतात. म्हणून एका स्फटिकावर निदान पाच बिंदू घ्या.

लोहाचेही तसेच. लोहाचे वजन ॲल्युमिनिअमच्या सुमारे २.०७ पटीहून जास्त असेल तर अणूंच्या संख्येत लोह पुढे गेले आणि खनिज कर्नोवाइटकडे झुकले. पण खालच्या लिमोनाइटमधले (तपकिरी, गंजासारख्या दगडातले) लोहही किरणशलाकेत येते. स्फटिक पातळ असेल तर तो आकडा अर्थहीन.

यंत्रातही खाचा आहेत. आर्सेनिकची कमी ऊर्जेची रेषा मॅग्नेशिअमच्या रेषेवर येऊन बसते, म्हणून नमुन्यात नसलेले मॅग्नेशिअमही संगणक दाखवतो. आर्सेनिकची जास्त ऊर्जेची रेषा १०.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे आणि शिशाचीही तिथेच. कॉर्नवॉलच्या नमुन्यात शिसे असू शकते. त्यामुळे शिशाच्या इतर रेषाही तपासा. शिवाय जोरदार शलाकेखाली लिरोकोनाइटमधले पाणी उडते, टक्केवारीची बेरीज बिघडते आणि पृष्ठभागावर खड्डा पडतो. शलाका पसरट ठेवा, वेळ कमी ठेवा.

हायड्रोजन या पद्धतीला दिसतच नाही. म्हणून शेवटचा शब्द क्ष-किरण विवर्तनाचा, म्हणजे स्फटिकातली अणूंची मांडणी दाखवणाऱ्या पद्धतीचा. ते शक्य नसेल तर रामन वर्णपट (खनिजावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाचा वर्णपट) घ्या: आर्सेनेटचा ठळक पट्टा साधारण ८०० ते ८७० तरंगांक प्रति सेंमी. या भागात येतो, फॉस्फेटचा ९५० च्या वर, कार्बोनेटचा १,०५० च्या पुढे. लेसरची शक्ती आधी अगदी कमी ठेवा. बिंदू काळा पडला तर तुम्ही खनिजाचा नव्हे, भाजलेल्या अवशेषाचा वर्णपट घेत आहात.

प्रश्न : नमुना स्वच्छ कसा करावा आणि कुठे ठेवावा? घरात लहान मुले आहेत.

उत्तर : स्वच्छतेत शक्य तितके कमी करा. मऊ, ओलसर कुंचल्याने माती उचला, सावलीत वाळवा. आम्ल, अमोनिया, ध्वनिकंपनाचे टाकीयंत्र, गरम हवा यांतले काहीही नको. फुंकर मारून धूळ उडवू नका. ती धूळ आर्सेनिकची असू शकते. कोरडे घासणे, करवतणे, ठोकणे टाळा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि वापरलेला कपडा टाकून द्या.

तापवणे सर्वांत वाईट. कोळशावर फुंकनळीने तापवून लसणासारखा वास घेण्याची परीक्षा जुन्या पुस्तकांत दिलेली असते. तो वास आर्सेनिकच्या वाफांचा, आणि हवेत त्यांचा सोमल हा विषारी पदार्थ होतो. ती परीक्षा करू नका. दगड ओळखायला जिभेला लावायची जुनी सवयही इथे नकोच.

बंद, झाकणाच्या डबीत, खिडकीच्या उन्हापासून आणि तापणाऱ्या दिव्यापासून दूर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घालू नका: कॅल्कोफिलाइटसारखी पाणीदार खनिजे फार कोरड्या हवेत पाणी सोडून निस्तेज होतात. उलट दगडात पायराइट असेल तर दमट हवेत ते कुजून आम्ल बनते आणि आधी नमुना, मग डबी, मग चिठ्ठी खाते. ४० ते ५० टक्के आर्द्रता हा दोघांना चालणारा मधला मार्ग. डबीवर ‘आर्सेनिकयुक्त’ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि ती कुलपात ठेवा.

प्रश्न : लिरोकोनाइटचा खडा अंगठीत बसवता येईल का? पाण्यात ठेवून ते पाणी प्यायले तर?

उत्तर : अंगठीत नाही, नख लागले तरी ओरखडा उठेल. आणि पाणी अजिबात पिऊ नका. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. १ ग्रॅम लिरोकोनाइटमध्ये सुमारे १,७३,००० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असते.

प्रश्न : जुन्या संग्रहातून आलेल्या नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘लिन्झेनएर्त्स, गॉरलंड’ असे लिहिले आहे. हे वेगळे खनिज आहे का?

उत्तर : नाही. लिरोकोनाइटचेच ते जुने जर्मन नाव: भिंगाच्या आकाराचे धातुक. चिठ्ठी फेकू नका, तिच्यावर काही खोडू नका. नवे नाव वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडा. स्फटिक हिरवा असेल तर त्या कागदावर नाव आधी पेन्सिलने लिहा आणि लोह-ॲल्युमिनिअमचा आकडा आल्यावर शाईने.